ऊब विकत घ्यावी लागते तेव्हा

मुलांनो, छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, एस.टी.ने खुलताबादला निघाले की दौलताबादचा किल्ला मागे पडतो आणि घाट लागतो. गाडी वळणे घेत वर चढू लागते. डिसेंबरातली सकाळ असेल, तर घाट संपायच्या आत खिडकीजवळचा प्रवासी काच ओढून घेतो आणि मफलर कानांवर घेतो. असे का होते? शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, तर खुलताबाद साधारण साडेआठशे मीटरांवर. हवेत एक किलोमीटर वर गेले की तापमान सरासरीने साडेसहा अंश सेल्सिअस उतरते. म्हणजे या घाटाच्या चढाला फरक पडतो तो जेमतेम दोन अंशांचा. आणखी वर, म्हैसमाळच्या १,०६७ मीटर उंचीच्या पठारावर गेलात, तर शहराच्या मानाने तीन-सव्वातीन अंशांचा.

दोन अंश कमी झाले तर मफलर लागतो. मग वीस-पंचवीस अंश कमी झाले तर काय काय लागेल?

खुलताबादच्या लोकांना मुलूख बदलणाऱ्या माणसांच्या कथा नव्या नाहीत. या गावात ज्यांच्या कबरी आहेत, त्यांतला मलिक अंबर जन्माने हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. शेख झैनुद्दीन इराणातल्या शिराझचे. औरंगजेब उत्तरेतून दक्षिणेत आला आणि परत गेलाच नाही. ही सारी माणसे आपल्या उबदार दख्खनमध्ये आली. आजकाल ओघ उलट दिशेने वाहतो. आपल्याकडची मुले-मुली शिकायला किंवा नोकरीला कॅनडा, इंग्लंड, जर्मनी अशा देशांना जातात. तिकडून फोन आला की घरच्यांना दोन वाक्ये हमखास ऐकू येतात : "इथे थंडी फार आहे," आणि "इथे सगळेच महाग आहे."

आपल्याला वाटते, या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. महागाईला इतर कारणे आहेतच, पण तिचा एक मोठा भाग थंडीतूनच येतो. आपल्याकडे जी ऊब सूर्य फुकट देतो, ती तिथे विकत घ्यावी लागते. हा व्यवहार कसा चालतो, तो नीट जमला नाही तर काय होते, आणि विज्ञानाच्या मदतीने तो स्वस्त कसा करता येतो, ते आज पाहू.

अठरा वर्षांची एक मुलगी

हा व्यवहार फार पूर्वी एका मराठी मुलीला एकटीने करावा लागला होता. तिचे नाव तुम्ही ऐकले असेल : आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा, माहेर कल्याणचे. त्यांचे मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावले, तेव्हा त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. आपल्या देशातल्या बायकांना स्त्री डॉक्टर मिळाली पाहिजे, या ध्यासाने त्यांनी अमेरिकेत जाऊन शिकायचे ठरवले. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. पती गोपाळराव बरोबर नव्हते. त्याच वर्षी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण सुरू झाले, आणि पाठोपाठ त्यांचा तिथला पहिला हिवाळा आला.

फिलाडेल्फियाचे जानेवारीतले सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असते. आपल्याकडे जानेवारीत सरासरी वीस-एकवीस अंश असते. हा वीस अंशांचा फरक आला कोठून?

सूर्य तोच, पण तिरपा

तुम्ही म्हणाल, थंडीत सूर्य लांब जात असेल. तसे मुळीच नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात! खरे कारण अंतर नव्हे, कोन आहे.

करून पाहा. अंधाऱ्या खोलीत टेबलावर कागद ठेवा आणि टॉर्चचा झोत त्यावर सरळ वरून पाडा. लहान, लख्ख वर्तुळ दिसेल. आता टॉर्च तितक्याच अंतरावर ठेवून तिरपा करा. वर्तुळ लांबट होईल आणि फिकट पडेल. प्रकाश तेवढाच, पण तो जास्त जागेवर पसरला.

२२ डिसेंबरला दुपारी खुलताबादला सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेशेहेचाळीस अंश वर असतो. त्याच दिवशी फिलाडेल्फियात तो साडेसव्वीस अंशांवर असतो, तर लंडनमध्ये अवघ्या पंधरा अंशांवर. एक चौरस मीटर रुंदीचा उन्हाचा झोत घेतला, तर तो खुलताबादला सुमारे १.४ चौरस मीटर जमिनीवर पसरतो. फिलाडेल्फियात तो सव्वादोन चौरस मीटरांवर पसरतो आणि लंडनमध्ये जवळजवळ चार चौरस मीटरांवर. शिवाय तिरपे किरण वातावरणाचा जाड थर ओलांडून येतात, म्हणून वाटेतही बरेच हरवतात.

दुसरी गोष्ट दिवसाची. त्या दिवशी खुलताबादला सूर्य सुमारे पावणेअकरा ते अकरा तास आकाशात असतो, लंडनमध्ये आठ तासही नाही. म्हणजे ऊन पातळ आणि तेही थोडा वेळ. जमिनीची उष्णता रात्रभर आकाशात निघून जातच असते. जमा कमी आणि खर्च जास्त झाला, की काय होते हे दुकानदाराच्या मुलाला सांगायला नको!

शरीराची शेगडी आणि आजीची गोधडी

आपले शरीर ही एक शेगडीच आहे. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरातून साधारण शंभर वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. जुन्या पिवळ्या दिव्याच्या शंभर वॅटच्या बल्बइतकी म्हणा ना! ही उष्णता आपण खाल्लेल्या भाकरीतून येते. शरीराला आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायचे असते. बाहेर २५ अंश असतील, तर ही उष्णता निवांतपणे बाहेर जाते आणि हिशेब जुळतो. बाहेर शून्य अंश असतील, तर उष्णतेची गळती एकदम वाढते. कोणत्याही दोन वस्तूंमध्ये तापमानाचा फरक जितका जास्त, तितकी उष्णता वेगाने वाहते.

मग शरीर काय करते? प्रथम ते त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसून घेते. हातपाय गार पडतात, पण काळीज, फुप्फुसे आणि मेंदू उबदार राहतात. तेवढ्याने भागले नाही तर स्नायू थरथरू लागतात. हुडहुडी भरते ती उगाच नव्हे. थरथरणाऱ्या स्नायूंतून उष्णता निघते, आणि ती नेहमीच्या कितीतरी पट असू शकते. पण हुडहुडी फार वेळ चालत नाही. शरीर थकते.

इथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. उन्हाची सवय आपल्या शरीराला लवकर होते. दहा-पंधरा दिवसांत घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो. थंडीच्या बाबतीत शरीर फारसे बदलत नाही. तिथे कपड्यांना आणि घरालाच बदलावे लागते.

कपडा ऊब देत नाही, तो ऊब अडवतो. आणि खरे सांगायचे तर कपडाही नाही, त्यात अडकलेली हवा ती अडवते. स्थिर हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. आजी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून गोधडी शिवते, तेव्हा ती खरे तर हवेचे थर शिवत असते! म्हणून थंड देशात एक जाडजूड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घालणे अधिक उपयोगी पडते. आत घाम शोषणारा किंवा बाहेर सोडणारा कपडा, मध्ये लोकरीचा, आणि वर वारा न शिरू देणारा.

वाऱ्याचे महत्त्व विसरू नका. त्वचेला लागून हवेचा एक उबदार पातळ थर असतो. वारा तो थर पळवून नेतो. हवेचे तापमान उणे ५ अंश असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर उघड्या चेहऱ्याला उणे १३ अंशांसारखी थंडी लागते. आणि ओल त्याहून वाईट. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. ओला मोजा म्हणजे ऊब चोरणारा चोरच.

करून पाहा. सारख्या आकाराच्या तीन स्टीलच्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी मोठ्या माणसांच्या मदतीने भरा. पहिली तशीच ठेवा. दुसरीभोवती वर्तमानपत्राचे पाच-सहा सैल वेढे द्या. तिसरीभोवती ओले फडके गुंडाळा. तिन्ही वाऱ्यावर ठेवून दर दहा मिनिटांनी पाण्याचे तापमान लिहा आणि त्याचा आलेख काढा. कोणती बाटली आधी निवेल? आधी अंदाज लिहा, मग पाहा.

आता आनंदीबाईंकडे वळू. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. कोकणात त्यात सोय आहे, फिलाडेल्फियात धोका. आनंदीबाईंनी परदेशी झगा घालायचा नाही असे ठरवले होते. त्यांनी मार्ग काढला तो असा की साडी गुजराती पद्धतीने, पावलांपर्यंत पोहोचणारी नेसायची. आपला पोशाख सोडला नाही आणि हवेचा थरही वाढवला! हा छोटासा बदल म्हणजे उष्णताशास्त्रच होते.

एका भिंतीचे बिल

पण खोलीचे काय? आनंदीबाईंच्या खोलीतील शेकोटी नीट पेटत नसे आणि धूर करी, असा उल्लेख त्यांच्या चरित्रांत येतो. विस्तव पेटवावा तर धूर, न पेटवावा तर थंडी. त्या काळच्या भिंतीतल्या शेकोटीचा स्वभावच खर्चिक होता. कोळसा जळला की गरम वायू धुराड्यातून वर जात. जाताना खोलीतली गरम झालेली हवाही ओढून नेत. तिच्या जागी दारखिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत शिरे. समोर बसणाऱ्याचे तोंड भाजे आणि पाठ गारठे. कोळशातली बहुतेक उष्णता आकाशाला मिळे, माणसाला थोडीच.

धूर नसलेली आधुनिक हीटरची खोली घेतली तरी हिशेब सुटत नाही. आपण तो मांडूच. समजा, ४ मीटर लांब आणि ३ मीटर उंच अशी एक बाहेरची भिंत आहे. क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. भिंत साधी, विटांची, ९ इंच जाडीची आहे. अशा भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना, साधारण २ वॅट उष्णता निसटते. आत २० अंश ठेवायचे आहेत आणि बाहेर शून्य आहे. तर :

१२ × २ × २० = ४८० वॅट.

दिवसाचे चोवीस तास धरले तर सुमारे साडेअकरा युनिट वीज. महिन्याला जवळजवळ साडेतीनशे युनिट, आणि तीही फक्त एका भिंतीपायी! अजून छप्पर, खिडक्या, जमीन आणि फटी बाकीच आहेत. आता घरातले विजेचे बिल काढा आणि तुमच्याकडे सगळे दिवे, पंखे, टीव्ही, फ्रीज मिळून महिन्याला किती युनिट लागतात ते पाहा. थंड देश महाग का, याचे अर्धे उत्तर त्या कागदावर मिळेल.

खुलताबादला हीच भिंत काय करते? ती दिवसा ऊन पिते आणि रात्री ते हळूहळू आत सोडते. कडाक्याच्या रात्रीही गोधडीने भागते. बिल येत नाही, म्हणून ही देणगी आपल्या लक्षातही येत नाही.

ज्यांना बिल येते त्यांच्या मात्र पक्के लक्षात असते. ब्रिटनमध्ये सामान्य घराचे वीज आणि गॅस मिळून वर्षाचे बिल सरकारी मर्यादेनुसार ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड धरले जात होते. युक्रेनमधील युद्धानंतर इंधनाचे भाव भडकले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने मदत देऊनही ते २,५०० पौंडांवर गेले. त्या हिवाळ्यात अनेक कुटुंबांपुढे प्रश्न उभा राहिला : घर गरम ठेवायचे की जेवणावर खर्च करायचा? हा प्रश्न केवळ आरामाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांविषयी दिलेल्या शिफारशींत थंड ऋतूत घराच्या आत निदान १८ अंश तापमान असावे असे म्हटले आहे. गार घरात श्वसनाचे विकार आणि रक्तदाब वाढतो, आणि त्याचा फटका म्हाताऱ्यांना व लहान मुलांना आधी बसतो.

मग उपाय काय? पुन्हा आजीची गोधडी! भिंतीच्या आत काचतंतूंचा किंवा फोमचा जाड थर भरला, तर तिच्यातून निसटणारी उष्णता दर चौरस मीटरला २ वॅटवरून ०.३ वॅटपर्यंत खाली येते. आपल्या हिशेबातले ४८० वॅट ७२ वर उतरतात. दिवसाला साडेअकरा युनिटांऐवजी पावणेदोन. खिडकीला एकाऐवजी दोन काचा बसवतात आणि मध्ये हवेचा किंवा आर्गॉन वायूचा थर कोंडतात. तत्त्व तेच. म्हणून त्या देशांत भाड्याने घर घेताना शहाणा माणूस आधी भिंती आणि खिडक्या पाहतो, मग भाडे. स्वस्त भाड्याचे पण उघड्यासारखे घर शेवटी महागच पडते.

गोठणारे पाणी

मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी औरंगाबादसाठी, तेव्हाच्या खडकी गावासाठी, नहर बांधली. दूरच्या टेकड्यांतले पाणी जमिनीखालच्या वाटेने आणि मातीच्या नळांतून शहरात आले. ही युक्ती इथे शोभली. टोरांटोत मातीचे नळ जमिनीच्या पाठीशी टेकवून टाकले असते, तर पहिल्याच हिवाळ्यात फुटले असते.

याचे कारण पाण्याच्या एका विचित्र गुणात आहे. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, पाणी मात्र सुमारे ९ टक्के फुगते. नळात कोंडलेल्या पाण्याचे बर्फ झाले, की ते लोखंडालाही जुमानत नाही. म्हणून टोरांटोसारख्या शहरात नळ आणि घरांचे पाये जमिनीखाली सव्वा मीटरच्या आसपास, जिथवर गोठण पोहोचत नाही तिथवर, खोल न्यावे लागतात. रस्त्याच्या भेगांत शिरलेले पाणी गोठते, फुगते आणि डांबर उखडते. दर वर्षी रस्ते दुरुस्त करा, बर्फ उपसा, त्यावर मीठ टाका. भाजी पिकवायची तर काचेचे घर बांधा आणि तेही तापवा, नाहीतर हजारो किलोमीटरांवरून आणा. या प्रत्येक कामाची मजुरी आणि इंधन शेवटी घरभाड्यात, करांत आणि टोमॅटोच्या भावात उतरते.

बंद खिडक्यांमागे

थंडीत खिडक्या बंद राहतात. त्यातून आणखी दोन गमती घडतात, आणि एक धोका.

पहिली गंमत कोरडेपणाची. शून्य अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ४.८ ग्रॅम वाफ मावते, तर २० अंशांच्या हवेत १७.३ ग्रॅम. बाहेरची गार हवा आत आणून तापवली, की तीत वाफ तेवढीच राहते, पण मावण्याची जागा साडेतीन पटींहून वाढते. सापेक्ष आर्द्रता २८ टक्क्यांवर येते. मग ओठ फुटतात, नाक कोरडे पडते, आणि लोकरीचा स्वेटर काढताना ठिणग्या उडतात.

दुसरी गंमत याच्या उलट आहे. खिडकी बंद ठेवून तीन शिट्ट्यांचा वरण-भात लावला आणि कपडेही घरातच वाळत घातले, तर वाफ जाणार कोठे? ती सर्वांत गार भिंत गाठते आणि तिथे दव धरते. गार पाण्याचा तांब्या पावसाळ्यात बाहेरून घामेजतो, तसेच हे. त्या ओलीवर काळी बुरशी वाढते आणि दम्याच्या रोग्याला त्रास देते. म्हणून स्वयंपाक करताना पंख्याने वाफ बाहेर काढायची, आणि रोज थोडा वेळ खिडक्या सताड उघडायच्या. हवा लगेच बदलते, पण भिंतींत साठलेली उष्णता फारशी जात नाही.

आता धोका. हा आपल्याकडेही आहे, म्हणून नीट वाचा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नये. अपुऱ्या हवेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक ओढीने धरते. माणूस गुदमरत नाही, त्याला फक्त झोप येते, आणि ती झोप शेवटची ठरू शकते.

उन्हातले जीवनसत्त्व

उन्हाकडून आपल्याला आणखी एक वस्तू फुकट मिळते : ड जीवनसत्त्व. उन्हातले अतिनील किरण त्वचेवर पडले की तिथल्या एका द्रव्यापासून ते तयार होते. हाडे बळकट होण्यासाठी ते हवेच. आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे सावळे रंगद्रव्य छत्रीसारखे काम करते. प्रखर उन्हाच्या देशात ही छत्री मोलाची आहे. पण लंडनमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत सूर्य इतका खाली असतो, की ड जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण पुरेसे पोहोचतच नाहीत. त्यात कपड्यांचे तीन थर आणि वर ही छत्री! विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्लासगो शहरात स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांतील मुलांना मुडदूस होताना आढळला, तो याच कारणाने. मुलांना ड जीवनसत्त्वाचे थेंब दिल्यावर त्याचे प्रमाण कमी झाले. आज ब्रिटनची आरोग्यसेवा हिवाळ्यात सर्वांनाच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते, आणि सावळ्या त्वचेच्या लोकांना वर्षभर घेण्याचा विचार करायला सांगते.

ड जीवनसत्त्वाचा संबंध केवळ हाडांशी नाही. क्षयाच्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही त्याची मदत होते. पश्चिम लंडनमधील गुजराती लोकांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात या जीवनसत्त्वाची कमतरता आणि क्षय यांचे नाते दिसून आले.

तीन वर्षांनंतर

क्षय हा शब्द आला आणि आपण पुन्हा आनंदीबाईंपाशी पोहोचलो. धुराच्या खोलीत, परक्या अन्नाशी जुळवून घेत, हिवाळ्यांमागून हिवाळे काढत त्यांनी अभ्यास पुरा केला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण तोवर क्षयाने त्यांना गाठले होते. त्या मायदेशी परतल्या त्या आजारीच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या कामासाठी त्या समुद्रापार गेल्या, ते एक दिवसही त्यांच्या हातून झाले नाही.

थंडीने क्षय होतो असे मात्र समजू नका. क्षय जंतूने होतो. रॉबर्ट कॉख यांनी तो जंतू दाखवला १८८२ मध्ये, आनंदीबाईंची बोट सुटण्याच्या केवळ एक वर्ष आधी. पण त्यावर गुणकारी औषध यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. शिवाय भारतात असतानाच त्यांची प्रकृती नाजूक होती. त्यांना नेमका कोणत्या कारणाने क्षय जडला, हे आज कोणी सिद्ध करू शकणार नाही. आपल्याला एवढेच म्हणता येईल की बंद खोली, धूर, अपुरे ऊन आणि अशक्तपणा या साऱ्या गोष्टी जंतूच्या बाजूने लढतात, माणसाच्या बाजूने नव्हे.

आज तशी एखादी मुलगी खुलताबादहून निघाली, तर तिच्या पेटीत काय काय असेल? तीन थरांचे कपडे, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आणि घर पाहताना विचारायचे प्रश्न : भिंतीत उष्णता अडवणारा थर आहे का? काचा दुहेरी आहेत का? गेल्या हिवाळ्यात बिल किती आले होते? तिथे पोहोचल्यावर तिला सल्ला देणारी आपली माणसेही असतील. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. आनंदीबाईंच्या पेटीत यांतले फारसे काही नव्हते. होते ते धैर्य. नुसत्या धैर्याची किंमत फार मोठी पडते. त्याच्या जोडीला माहिती असली की तीच वाट पुष्कळ स्वस्त होते.

आता एवढे करा. उद्या सकाळी शाळेत जाताना एखाद्या दगडी भिंतीच्या उन्हाकडच्या बाजूला हात लावून पाहा, मग सावलीकडच्या बाजूला. दोन्ही हातांना जो फरक कळेल, त्याच्यासाठी जगात कितीतरी ठिकाणी दर महिन्याला बिल भरावे लागते. तुमच्या दारात मात्र सूर्य तो रोज पहाटे आणून टाकतो आणि पैसे मागत नाही.